रिकाम्या खोलीचं रेकॉर्डिंग

१

वाचनबाईंच्या घशात गाठ आली होती आणि ती काढायची होती. गाठ साधी आहे, असं डॉक्टर म्हणाले. पण ती स्वरयंत्रालाच चिकटून बसली आहे, तेव्हा आवाज परत येईल का आणि आलाच तर कसा येईल, हे सांगता येत नाही, असंही म्हणाले. हे सगळं ते इतक्या गुळगुळीत आवाजात म्हणाले की बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

आवाजावरच बाईंचं पोट होतं. दृष्टिहीन वाचकांच्या ग्रंथालयासाठी त्या घरी बसून पुस्तकं वाचायच्या आणि रेकॉर्ड करून पाठवायच्या. शेजारपाजारचे म्हणूनच त्यांना वाचनबाई म्हणत. स्वयंपाकघराला लागून असलेल्या अडगळीच्या खोलीला त्यांनी आतून जुन्या गाद्या ठोकल्या होत्या, दाराच्या कडांना रबर लावलं होतं आणि दारात वीतभर काच बसवली होती. आत खुर्ची, टेबल, दिवा आणि माइक. कॉम्प्युटर मात्र बाहेरच्या टेबलावर, कारण त्याच्या पंख्याची घरघर थेट माइकमध्ये जायची. रेकॉर्डिंग चालू झालं की दारावरचा लाल दिवा लागायचा. नवरा होता तोवर त्याच्यासाठी लावलेला होता तो. दिवा बघूनही तो हाक मारायचाच.

ऑपरेशनची तारीख ठरली आणि बाईंनी हातातलं शालेय पुस्तक संपवून टाकलं. मग फक्त गोष्टी वाचायला घेतल्या. लांब राहणाऱ्या लेकीचे दिवस भरत आले होते. आजीचा आवाज कसा होता, हे येणाऱ्या जिवाला कळायला हवं. बाईंना बाकी कशाची फिकीर नव्हती.

आणि नेमकं तेव्हाच कॉम्प्युटर सांगायला लागला, की ही जुनी प्रणाली आता बंद होते आहे, नवी घ्या. रोज सांगायचा. शेवटी बाईंनी धाकट्या दिराला बोलावलं. पलीकडच्या गल्लीत त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं.

"वहिनी, हा कॉम्प्युटर म्हणजे दादाचा लग्नातला सूट झालाय," भाऊजी म्हणाले. "अंगात जात नाही आणि टाकवतही नाही."

"टाकायचं नाव काढू नका. माझ्या गोष्टी आहेत त्यात."

"अहो, काही टाकत नाही. नवीन आवृत्ती टाकली तरी फाइल्स जशाच्या तशा राहतात."

"एक जरी गोष्ट गेली ना भाऊजी, तर तुमचं दुकान आहे आणि मी आहे."

भाऊजींनी आधी सगळ्याची नक्कल एका बाहेरच्या डिस्कवर घेतली आणि डिस्क तशीच जोडलेली ठेवून काम सुरू केलं. मग पडद्यावर प्रश्न आला. काय ठेवायचं? सगळं ठेवा, फक्त फाइल्स ठेवा, की काही नको?

"बघा, कसं विचारून करतंय बिचारं," असं म्हणत भाऊजींनी 'सगळं ठेवा' दाबलं आणि चहा मागितला.

२

वाचणाऱ्यांच्या धंद्यात एक गंमत असते. शांतताही रेकॉर्ड करून ठेवावी लागते.

वाचताना खोकला येतो, पान फडफडतं, जीभ अडखळते. तेवढा तुकडा नंतर कापतात. पण कापलेल्या जागी काहीच ठेवलं नाही तर ऐकणाऱ्याचा कान ठेचकाळतो, कारण खोली कितीही शांत असली तरी तिचा म्हणून एक बारीक आवाज असतोच. म्हणून वाचणारा एकदा रेकॉर्डिंग चालू करतो, खोलीबाहेर जातो, दार लावतो आणि नुसती खोली रेकॉर्ड करतो. मग त्याची ठिगळं जिथे तिथे लावता येतात. बाईंनीही ते करून ठेवलं होतं. त्या फाइलचं नाव होतं 'रिकामी खोली'. हल्ली खोकला वाढल्यापासून त्यांच्या वाचनात ठिगळंच जास्त झाली होती.

भाऊजी गेल्यावर बाईंनी एकेक फाइल उघडून पाहिली. सगळ्या होत्या. गोष्टी होत्या, जुने कापलेले तुकडे होते, नवऱ्याने बाहेरून मारलेली "अगं, जेवायला चल" ही हाकही तिच्या जागी होती. बाईंनी सुटकेचा श्वास टाकला आणि शेवटी, नुसतीच खात्री म्हणून, 'रिकामी खोली' लावली.

काही नाही. काही नाही. मग कुणीतरी श्वास घेतला.

बाईंनी हेडफोन काढला. समोर स्वयंपाकघराचा ओटा, त्यावर भाऊजींचा उष्टा कप, खिडकीतून येणारं दुपारचं ऊन. आपलाच श्वास असणार, त्यांनी स्वतःला बजावलं. हेडफोन घातला की माणसाला आपलंच नाक ऐकू येतं. त्यांनी तोंडावर हात दाबला, श्वास रोखला आणि फाइल पुन्हा लावली.

काही नाही. काही नाही. मग तोच श्वास. बोलायच्या आधी माणूस घेतो तसा, भरून घेतलेला.

तो घेतला होता, पण सोडल्याचं ऐकू आलं नाही.

३

चार दिवसांनी मास्तरांचा फोन आला. मास्तर ग्रंथालयाचे तपासनीस. स्वतः जन्मापासून दृष्टिहीन, शाळेत संगीत शिकवून निवृत्त झालेले. आलेलं प्रत्येक पुस्तक ते पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकत आणि चुका सांगत. त्यांच्या फोनला वाचणारे टरकून असत.

"बाई, पुस्तक मिळालं. उत्तम झालंय. फक्त एक विचारू? वाचताना शेजारी कुणाला बसवलं होतंत?"

"मी एकटीच असते, मास्तर. तुम्हाला माहिती आहे."

"तसंच वाटत होतं मला. पण तुमचं वाक्य संपलं की कुणीतरी श्वास घेतंय. दर वेळी. तुमच्या आधी."

बाईंनी आवाज हलू दिला नाही.

"माझाच असेल. घसा बिघडलाय ना."

"तुमचाच आहे," मास्तर म्हणाले. "तीच तर गंमत. तुमचा श्वास मी पंधरा वर्षं ऐकतोय. पण तुम्ही हल्ली दमता बाई, वाक्याच्या शेवटी ओढ लागते तुम्हाला. ती नाही दमत. ती ताजी आहे."

"ती?"

मास्तर जरा घुटमळले. "आपलं म्हणायला. जुनी पुस्तकं काढून ऐकली मी तुमची. त्यांत नाही हे. या वेळचंच आहे."

फोन ठेवल्यावर बाईंनी त्या शालेय पुस्तकाची फाइल उघडली. ते पुस्तक त्यांनी नव्या प्रणालीवर पुन्हा उघडून, फक्त शेवटचा हात फिरवून पाठवलं होतं. आणि त्यातल्या प्रत्येक कापलेल्या जागी त्यांनी रिकाम्या खोलीचं ठिगळ लावलेलं होतं. म्हणजे ते जे काही होतं, ते त्यांनीच स्वतःच्या हाताने पानोपानी शिवून ठेवलं होतं.

गोष्टींमध्येही तेच ठिगळ होतं.

४

"नवीन आवृत्तीचे कान तिखट असतात," भाऊजी म्हणाले. ते काम टाकून आले होते आणि बाईंच्या चेहऱ्याकडे बघून त्यांनी थट्टा आवरती घेतली होती. "बारीक आवाज मोठे करून ऐकवते ती. तुम्ही तेव्हा दाराशीच उभ्या असाल. तुमचाच श्वास आत गेला असेल, जुन्या आवृत्तीला ऐकू येत नव्हता, हिला येतोय. साधी गोष्ट आहे."

ऐकायला बरं वाटलं. बाईंनाही तेच हवं होतं. भाऊजींनी आवाज वाढवण्याची सगळी सोय बंद केली, हेडफोन स्वतःच्या कानाला लावला आणि फाइल लावली.

बाई त्यांच्या तोंडाकडे बघत होत्या. भाऊजींच्या कपाळावर आधी आठी पडली. मग ती गेली, आणि तिच्या जागी काहीच राहिलं नाही.

"काय झालं?"

"काही नाही." त्यांनी हेडफोन हळूच खाली ठेवला. "वहिनी, वाचायला सुरुवात करताना तुम्ही ओठ उघडता ना, तेव्हा जरासा चिकट आवाज होतो बघा."

"सगळ्यांचाच होतो. तो मी कापते."

"तो आहे यात. श्वासानंतर."

आधी तो नव्हता. बाईंनी शपथेवर सांगितलं असतं.

भाऊजींनी घाईघाईने जुन्या प्रणालीकडे परत जायची सोय शोधून काढली. ती काही काळ चालू असते, म्हणाले, आपण अजून मुदतीत आहोत. यंत्राने पुन्हा विचारून केलं, पुन्हा पंखा घरघरला आणि जुना ओळखीचा पडदा परत आला. फाइल्स होत्या तशा होत्या. पुढे जा की मागे या, फाइल्सना धक्का लागत नाही, असं ते यंत्र पहिल्यापासून सांगत होतंच.

बाईंनी फाइल लावली. श्वास. ओठ उघडल्याचा आवाज. आणि मग एक 'अ'.

भाऊजींनी बाहेरची डिस्क जोडली. नक्कल तर आधीची होती. तिच्यातही तेच निघालं.

"ती काढायला विसरलो होतो मी," भाऊजी म्हणाले. "लागलेली राहिली सगळा वेळ." मग म्हणाले, "पण म्हणून असं होत नसतं हो, वहिनी."

"मग कसं होतं ते सांगा."

जुनीने काही फरक पडत नव्हता, तेव्हा भाऊजींनी नवी प्रणाली परत चढवून दिली आणि निघून गेले. चहाही मागितला नाही.

५

बाई चिडल्या. त्या घाबरल्याही होत्या, पण घाबरलं की चिडायचं ही त्यांची जुनी सवय. लग्नात पहिल्यांदा सासूसमोर उभ्या राहिल्या तेव्हाही त्यांनी हेच केलं होतं. गोष्टींमधली सगळी ठिगळं उसवून काढायची, असं त्यांनी ठरवलं. मधे नुसत्या फटी राहू देत. ठेचकाळले कान तर ठेचकाळू देत.

पहिली गोष्ट उघडणार, तेवढ्यात लेकीचा फोन आला.

"आई, तू पाठवलेली ती गोष्ट काल ऐकली. अगं, किती सुंदर वाचलीस! आम्ही दोघंही ऐकत बसलो. आणि तू उगाच आवाजाचं टेन्शन घेतेस. मी लहान असताना वाचायचीस ना, अगदी तसा लागलाय."

"तसा नाही लागलेला," बाई म्हणाल्या. त्यांना स्वतःचा घोगरा आवाज फोनमध्ये परत ऐकू आला.

"आणि ते नाव कुठून सुचलं गं तुला?"

"कसलं नाव?"

"शेवटी हाक मारलीस ती. बाळाला. आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं. इतके दिवस डोकं खाजवतोय, आणि तू एका हाकेत... आम्हाला आवडलंय, आई. तेच ठेवायचं म्हणतोय."

लेकीने नाव सांगितलं. नाव चांगलं होतं. वाईट असतं तर बरं झालं असतं.

बाईंनी कुणालाच हाक मारली नव्हती. गोष्ट 'आणि सगळे घरी गेले' इथे संपत होती. फोन कानाला धरूनच त्यांनी ती फाइल लावली आणि आवाज बारीक ठेवला. गोष्ट सुरू झाली. स्वच्छ, तरुण, न अडखळणारा आवाज. खोकला नाही, ओढ नाही. एका वाक्यानंतर जिथे ठिगळ असायला हवं होतं, तिथे मात्र लांबून, दाराबाहेरून यावा तसा, कुणीतरी खोकलं. तो खोकला बाईंचा होता.

आता ठिगळ त्या झाल्या होत्या.

"ती फाइल पुसून टाक," बाई म्हणाल्या.

"काय? का?"

"ते मी वाचलेलं नाही."

"आई, तुझाच आवाज आहे गं."

"होता. पुसून टाक. आणि ते नाव ठेवायचं नाही. दुसरं कुठलंही ठेवा, गल्लीतल्या कुत्र्याचं ठेवा, पण ते नाही."

ऑपरेशनच्या आधी माणसाचं मन असं होतं, असं काहीतरी लेक समजुतीने बोलू लागली. बाईंनी तिला मधेच तोडलं.

"पुसते म्हण."

"पुसते."

"आत्ता. मी फोनवर आहे."

६

"वहिनी, माझ्या हातून नाही होणार," भाऊजी फोनवर म्हणाले. "सगळं जाईल. तुमचं इतक्या वर्षांचं वाचन, गोष्टी. दादाचा आवाजही आहे त्यात. निदान डिस्क तरी ठेवा."

"डिस्क मी सकाळीच कोरी केली. तुमच्या दुकानातल्या पोराने सांगितलं कसं करायचं ते. आता हे तेवढं सांगा, नाहीतर हातोडी घेते. मग पाट्यावर ठेवून ठोकते तुमचं यंत्र."

भाऊजींनी सांगितलं. हे उघडा, तिथे जा, खाली बघा. तोच प्रश्न आला. काय ठेवायचं? बाईंनी या वेळी तिसरी ओळ दाबली. काही नको.

नवऱ्याची हाक एकदा ऐकावी असं त्यांच्या मनात फार आलं. बोट त्या फाइलवर गेलंही. पण ती हाक ऐकली असती तर पुढचं बटण दाबवलं नसतं, आणि शिवाय त्या हाकेनंतर कोण श्वास घेईल याचा नेम नव्हता. त्यांनी बोट मागे घेतलं. डोळे भरून आले, ते बाहीने पुसले.

सगळं कायमचं जाईल, नक्की ना, असं पडद्यावर आलं. आणि दारावरचा लाल दिवा लागला.

बाईंनी रेकॉर्डिंग चालू केलं नव्हतं. दाराच्या वीतभर काचेतून आतला पिवळा उजेड दिसत होता. टेबलावरचा दिवा त्यांनी सकाळी स्वतः विझवला होता.

"वहिनी? झालं का?" फोनमधून भाऊजी विचारत होते.

काचेशी जायला दोन पावलंच होती. बाई गेल्या. खुर्चीत कुणीतरी पाठमोरं बसलं होतं. अंगात राखाडी स्वेटर, कोपराला विणलेलं ठिगळ. तोच स्वेटर त्या क्षणी बाईंच्या अंगात होता. मान माइककडे जराशी झुकलेली, अगदी जशी झुकवायला हवी तशी. एका हाताने पान उलटलं, आवाज न करता, अलगद. बाईंना इतक्या वर्षांत तसं जमलं नव्हतं.

मग वाचणं थांबलं. ती मान मागे वळू लागली.

बाई थांबल्या नाहीत. बघायचं काय त्यात? ते तोंड त्या रोज आरशात बघत होत्या. त्या टेबलापाशी आल्या. बाजूच्या बारक्या स्पीकरमधून एक स्वच्छ, तरुण आवाज म्हणाला, "अगं, राहू दे ना. तुझा आवाज तर जाणारच आहे."

"गेला तर माझा जाईल," वाचनबाई म्हणाल्या. शब्द निम्मे फाटले, तरी त्यांनी ते पूर्ण केले. "माझ्या नातवंडाला हाक मारायला मी अजून जिवंत आहे, भवाने."

आणि 'हो' दाबलं.

लाल दिवा विझला. स्वयंपाकघरातल्या नळाचं थेंब थेंब पाणी ऐकू यायला लागलं. बाईंनी दार उघडून पाहिलं. खोलीत कुणी नव्हतं. टेबलावरचा दिवा मात्र हात लावला तर गरम होता.

७

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात दाखल व्हायचं होतं. बॅग भरून बाहेरच्या खोलीत ठेवली होती. कोरा कॉम्प्युटर टेबलावर नुसता चालू होता आणि त्याने बाईंना नाव विचारलं होतं. बाईंनी ते भरलं नव्हतं.

आदल्या दुपारी त्या मोबाइल आणि गोष्टीचं पुस्तक घेऊन खोलीत गेल्या, आतून कडी लावली आणि लेकीला फोन केला.

"फोन पोटावर ठेव."

"आई, तू बोलू नकोस गं, डॉक्टरांनी..."

"डॉक्टरांचं उद्यापासून सगळं ऐकायचंच आहे मला. आज माझी पाळी आहे. ठेव."

"बरं. रेकॉर्ड करून ठेवू का?"

"खबरदार. काही ठेवायचं नाही. आत्ता ऐकेल तेवढं ऐकेल."

बाई वाचायला लागल्या. आवाज पत्र्यावर खडे घासावेत तसा येत होता. खोकला आला तिथे खोकल्या, वाक्य तुटलं तिथे पुन्हा पहिल्यापासून घेतलं. फक्त एक केलं. दोन वाक्यांमध्ये फट ठेवली नाही. श्वास घ्यावा लागला तर शब्दाच्या मधेच घेतला.

गोष्ट अर्धी झाली असेल तेव्हा दाराची मूठ हलली. बाहेरून कुणीतरी ती खाली दाबली, हळूच, घरच्या माणसासारखी. कडीवर दार अडलं. मूठ पुन्हा वर आली आणि पुन्हा खाली गेली. काचेतून येणारा स्वयंपाकघरातला उजेड नाहीसा झाला होता. काचेला टेकून काहीतरी उभं होतं.

"बाहेरच थांब," बाई त्याच सुरात म्हणाल्या आणि पुढचं वाक्य घेतलं.

गोष्ट संपली. सगळे घरी गेले. आणि शेवटी बाईंनी हाक मारली, पुस्तकात नसलेली, स्वतःच्या मनची. "ए लबाडा. ही तुझी आजी."

पलीकडे लेक हसत होती आणि रडतही होती. "लाथ मारली, आई! अगं, केवढी जोरात! पण तुझा आवाज किती बसलाय गं."

"बसू दे. माझा आहे."

"आणि मधे कुणाला म्हणालीस, बाहेर थांब म्हणून? कोण आलंय?"

बाईंनी काचेकडे पाहिलं. तिथे अजून अंधार होता, आणि काचेवर बाहेरून श्वासाची वाफ धरली होती. बॅग बाहेर होती, चपला बाहेर होत्या, उद्याची सकाळ बाहेर होती.

"फोन ठेवू नकोस," त्या म्हणाल्या. "पोटावरच असू दे. मी बाहेर चालले आहे, आणि चालता चालता बाळाशी बोलणार आहे, मधे थांबणार नाही. ऐक रे लबाडा, ही कडी, ही मी काढते आहे, हे घर माझं आहे, पलीकडे स्वयंपाकघर आहे, ओट्यावर माझा कप आहे, आणि हे दार, हे बघ, हे मी उघडलं..."